नऊशे बेचाळीस मिलिमीटर

काचवाल्यांचा कॅल्क्युलेटर गेला तो कामावर असतानाच गेला, एवढंच काय ते समाधान. आठ मिलिमीटर जाडीची काच टेबलावर आडवी करताना तिचा कोपरा हातातून निसटला आणि थेट कॅल्क्युलेटरवर बसला. काचेवर ओरखडासुद्धा उठला नाही. कॅल्क्युलेटरने मात्र अर्धवट आठाचा आकडा दाखवला आणि डोळे मिटले. सोळा वर्षांची सोबत होती. त्याची सात, आठ, नऊ ही बटणं झिजून गुळगुळीत झाली होती, वजाबाकीची रेघ तर कधीच पुसली गेली होती, तरी काचवाल्यांचं बोट न बघता बरोबर जागेवर पडायचं.

दोन दिवस त्यांनी फोनवर काम भागवून बघितलं. पण हातमोजे घातले की फोन त्यांना ओळखच देईना, आणि हातमोजे काढून काच उचलण्याचा शहाणपणा त्यांनी तरुणपणी एकदा केला होता, त्याची खूण अजून तळहातावर होती. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "रविवारी त्या चौकातल्या मोठ्या दुकानात जातो आणि नवा कॅल्क्युलेटर आणतो. स्वस्त आणि मस्त."

"मग मीही येते," मावशी म्हणाली. "तिथंच कीबोर्ड मिळतात. वाजवायचे. मला एक घ्यायचाय."

मावशी म्हणजे काचवाल्यांची बायको. ती पाळणाघरात कामाला होती, तिथली पोरं तिला मावशी म्हणायची, पोरांचं ऐकून त्यांचे आईबाप म्हणायला लागले आणि मग सगळी गल्लीच. तिला स्वतःहून काही मागायची सवय नव्हती. पंखा कुठला घ्यायचा, पडद्याला रंग कुठला, सुट्टीत कुठे जायचं, काहीही विचारा, तिचं उत्तर एकच, "चालेल." काचवाल्यांना याचा फार अभिमान होता. आमच्या घरात एकतीस वर्षांत वाद असा झालाच नाही, असं ते कारखान्यात सांगत. वादाला दोन माणसं लागतात आणि त्यांच्या घरात वाद घालणारा एकटाच होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यामुळे घास हातात तसाच धरून ते बायकोकडे बघत राहिले.

"लहानपणी शिकत होते मी चार वर्षं," मावशी म्हणाली. "शेजारच्या बाईंकडे पियानो होता. त्या गाव सोडून गेल्या आणि शिकणं राहिलं, ते राहिलंच. आता दुपारी पोरांना झोपवताना मी गाते ना, तेव्हा मांडीवर बोटं आपोआप हलतात. परवा एक पोरगी विचारते, मावशी, तुला खाज सुटलीय का."

काचवाले हसले. मावशी हसली नाही.

"पंचावन्नची झाले मी," ती म्हणाली. "या वेळी जमलं तर जमलं. नाही तर मी परत हा विषय काढणार नाही. रुसून नाही सांगत, आपलं सांगून ठेवते. आणि एक, तो कायम मांडून ठेवायला जागा पाहिजे. रोज काढा, रोज ठेवा असलं काही चालत नाही. पलंगाखाली गेलेली वस्तू आपल्या घरात परत वर आलेली मी बघितलेली नाही."

हे मात्र खरं होतं. पलंगाखाली मावशीचं शिवणयंत्र होतं, फळांचा रस काढायचं यंत्र होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून काचवाल्यांनी आणलेलं, बसल्या बसल्या पायडल मारायचं एक यंत्र होतं. तिघंही तिथं सुखात होती.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत जागा अशी एकच होती: लोखंडी कपाट आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्यामधली फट. तिथं शिवणयंत्राचं रिकामं टेबल होतं आणि टेबलावर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग. कीबोर्ड तिथं आत बसला तर ठीक, जरा जरी बाहेर राहिला तर स्वयंपाकघराचं दार उघडणार नाही.

"माप घेतो," काचवाले म्हणाले, आणि त्यांच्या अंगात एकदम उत्साह संचारला. माप घ्यायचं म्हटलं की ते भरल्या ताटावरून उठत.

त्यांनी पट्टी लावली. वर, मध्ये, खाली, तीन ठिकाणी माप घेतलं, कारण एका ठिकाणचं माप घेणारा माणूस काचेच्या धंद्यात टिकत नाही. फट होती नऊशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर. त्यांनी खिशातल्या कागदावर लिहिलं नऊशे बेचाळीस.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. काच चौकटीएवढी कापत नाहीत. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर सोडतात, नाही तर ती आत जात नाही, आणि जबरदस्तीनं घातली तर उन्हाळ्यात तडकते. काचवाले शिकाऊ होते तेव्हा त्यांनी एकदा कागदावर चौकटीचं माप लिहिलं आणि कापणाऱ्यानं तेवढाच आरसा कापला. माणूसभर उंचीचा आरसा वाया गेला. उस्तादांनी जे सुनावलं ते काचवाल्यांना अजून शब्दशः पाठ होतं. तेव्हापासून कानाला खडा. चौकटीचं माप ते कागदावर उतरवतच नसत. डोळे अठ्ठेचाळीस बघायचे आणि हात बेचाळीस लिहायचा, मध्ये डोकं कुठे लागतच नसे. छत्तीस वर्षं हात असाच चालत आला होता. तो हात घरात आल्यावर आपली कामाची सवय दाराबाहेर काढून ठेवील, असं समजायचं काही कारण नव्हतं.

रविवारी दोघं दुकानात गेली. दुकानात एका बाजूला कॅल्क्युलेटर, घड्याळं, बॅटऱ्या, आणि दुसऱ्या टोकाला कीबोर्ड स्टँडवर मांडलेले. मधल्या काउंटरवर एक चाळिशीतली विक्रेती होती, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली. काचवाल्यांनी आधी काउंटरची काच बघितली. "पाच मिलिमीटरची लावलीय," ते तिला म्हणाले. "सहाची हवी होती. आणि हा कोपरा चिरलाय." विक्रेतीनं ते शांतपणे ऐकून घेतलं. रविवारी सगळ्या प्रकारची माणसं येतात.

कॅल्क्युलेटरची निवड सुरू झाली. पहिला तिनं काढला तो शाळा-कॉलेजचा, साठ बटणांचा. त्यातल्या निम्म्या चिन्हांशी काचवाल्यांची शाळेनंतर गाठ पडली नव्हती आणि पडावी अशी इच्छाही नव्हती. दुसरा चौदा आकड्यांचा. "एवढे आकडे कशाला? मला काय आभाळाला काच लावायचीय?" तिसरा सुरेख होता, तळहाताएवढा, पण काचवाल्यांनी खिशातून हातमोजा काढून चढवला आणि एका बोटानं एकदम चार बटणं दाबून दाखवली. विक्रेतीनं तो आपणहून आत ठेवला.

मग स्वस्तातले दोन आले. काचवाल्यांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि परीक्षा घ्यायला सुरुवात केली. काउंटरवर ठेवून बटणं दाबली तर सरकतो का, ते बघितलं. वरच्या, उजेडावर चालणाऱ्या काळ्या पट्टीवर अंगठा धरून उजेड अडवला आणि आकडे फिके पडतात का, ते बघितलं. मग त्यांनी मुख्य परीक्षा घेतली. डोळे मिटून त्यांनी दोन्हींवर भराभर सात आकडे दाबले, पहिलं बोट उठायच्या आत दुसरं, दुसरं उठायच्या आत तिसरं. डोळे उघडले तर एकावर सात आकडे उमटले होते आणि दुसऱ्यावर सहाच.

"हा आकडा गिळतो," काचवाले म्हणाले. "असला कॅल्क्युलेटर घरात ठेवणं म्हणजे चोराला वाटेकरी करणं."

"लोक इतक्या घाईनं नाही दाबत," विक्रेती म्हणाली.

"लोकांचं लोक बघतील. वस्तू रोज वापरायची असेल तर ती आपल्या हाताला सोसली पाहिजे. आपला हात तिला नाही."

हे वाक्य फार चांगलं होतं. काचवाल्यांनी ते स्वतःच्या बायकोसाठी राखून ठेवलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्यांनी ते कॅल्क्युलेटरला वाहून टाकलं. न गिळणारा घेतला: मोठ्या बटणांचा, पत्र्याच्या पाठीचा, किमतीला खालून दुसरा. या सगळ्याला एक तास लागला. "एवढ्या वेळात लोक घर पसंत करून जातात," विक्रेती म्हणाली, आणि काचवाल्यांनी ती आपली तारीफ समजून घेतली.

तिकडे मावशीनं आपलं काम कधीच उरकलं होतं. महागड्यांकडे ती गेलीच नाही. पाचशे आवाजांचा आणि रंगीत दिव्यांचा एक होता, तो तिनं पाहुण्यांच्या दिवाणखान्यात हात न लावता बघतात तसा बघितला. विक्रेतीनं मध्येच येऊन तिला सांगितलं होतं, "रोज वाजवायला हा साधा घ्या. एकसष्ट पट्ट्या, नेहमीच्या रुंदीच्या. हळू दाबली की हळू वाजते, जोरात दाबली की जोरात. याच्या खालचं घेऊ नका, ती खेळणी आहेत." मावशी त्याच्यासमोर उभी होती. आवाज अगदी बारीक ठेवून दोन्ही हातांनी काहीतरी आठवत होती. मान जराशी एका बाजूला कलली होती.

काचवाले कागद घेऊन आले. खोक्याच्या बाजूला छापलेली लांबी त्यांनी वाचली. नऊशे शेहेचाळीस.

"चार मिलिमीटर जास्त," ते म्हणाले.

"चारच ना?"

"अगं, चार काय आणि चाळीस काय. नाकापेक्षा मोती जड घेऊन करायचं काय? चौकट बदलत नाही, काच बदलावी लागते. हा बघ, हा बसेल." त्यांनी शेजारचा उचलला. चव्वेचाळीस पट्ट्या, अरुंद, वजनाला हलका, किमतीला तर फारच हलका. "सुरुवातीला पुरे. काय?"

मावशीनं कागदाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"चालेल," ती म्हणाली.

विक्रेतीनं चष्मा लावून एकदा मावशीकडे बघितलं आणि बिल केलं. कीबोर्डाच्या निवडीला दहा मिनिटं लागली.

पहिले तीन दिवस घरात आनंदीआनंद होता. मावशी पाळणाघरातून यायची, चहा घ्यायची आणि टेबलाशी बसायची. एका हातानं सोपी गाणी वाजायची. काचवाले आपल्या खुर्चीतून ऐकायचे आणि मान डोलवायचे. ही खुर्ची कपाटाच्या पलीकडे होती, कपाट आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये. त्यांनी ती सुताराकडून मुद्दाम तेवढ्या मापाची करून घेतली होती, आणि तिच्यात बसलं की टीव्ही समोर, पंखा वर, दार डाव्या हाताला. बावीस वर्षं ती तिथून हलली नव्हती.

चौथ्या दिवशी मावशीनं दोन्ही हात लावले. काचवाले स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते. पलीकडून सूर येत होते आणि मध्येच एखादा येत नव्हता. पायरी चुकावी तसं काहीतरी होत होतं. मावशी थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, त्याच ठिकाणी पुन्हा एक सूर कमी पडायचा. एकदा दोन सूर एकदम आले, कारण अरुंद पट्ट्यांवर तिचं बोट दोघींच्या मध्ये पडलं होतं.

काचवाल्यांच्या हातातला चमचा थांबला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पहिलं बोट उठायच्या आत दुसरं, आणि सातातले सहा. हा सूर गिळत होता.

त्यांनी चहा नेऊन दिला. "छान वाजतोय," ते म्हणाले.

"हो," मावशी म्हणाली. "माझीच सवय गेलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली आणि काचवाले घड्याळ बांधायला पुढच्या खोलीत आले. टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. त्यांनी जरा वेळ ढिगाकडे बघितलं, मग गुडघे टेकून पलंगाखाली वाकले. शिवणयंत्राच्या शेजारी, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला कीबोर्ड होता.

काचवाल्यांना वाईट वाटलं. तिनं तक्रार केली असती तर त्यांनी चार शब्द ऐकवले असते आणि मोकळे झाले असते. पण अभ्र्याला नीट गाठ मारली होती, धूळ जाऊ नये म्हणून. आता ती परत विषय काढणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ती बोलायची तसंच वागायची. ते जमिनीवर तसेच बसून राहिले आणि विचार करू लागले की आपण कॅल्क्युलेटरला एक तास दिला.

माणसाला सुचेनासं झालं की हात आपल्या कामाला लागतात. त्यांनी पट्टी काढली आणि फटीचं माप पुन्हा घ्यायला सुरुवात केली. वर, मध्ये, खाली. पट्टीवर नऊशे अठ्ठेचाळीस. हातानं कागदावर लिहिलं नऊशे बेचाळीस. आणि पहिल्यांदाच, कधी नव्हे ते, त्यांनी हाताला लिहिताना पकडलं.

"अरे गाढवा," ते मोठ्यानं म्हणाले. घरात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा कोणाला म्हणाले याबद्दल शंका नको.

कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा सांगून त्यांनी कीबोर्ड बाहेर काढला. दुकानाचा नियम होता: आठ दिवसांत वस्तू बदलून मिळेल, खोका धड असेल तर. खोका शोधताना त्यांना आठवलं की खोका धड नाही. चांगला जाड पुठ्ठा बघितला की त्याचे कोपरे कापून घ्यायचे, काच पाठवताना तिच्या टोकांना लावायला, ही आणखी एक सवय. खोक्याचे कोपरे आदल्याच दिवशी कोणाच्या तरी न्हाणीघराच्या आरशाबरोबर रवाना झाले होते.

"खोका आणलाय ना?" विक्रेतीनं विचारलं.

"आणलाय की. धड आहे. कोपरे तेवढे नाहीत."

विक्रेतीनं त्या खोक्याकडे बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढला. "मला वाटलंच होतं तुम्ही याल. कॅल्क्युलेटर तुम्ही तासभर वाजवून बघितलात. बाईंना मात्र हा कीबोर्ड वाजवूनही बघू दिला नाहीत."

"चुकलं माझं," काचवाले म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडले की ते स्वतःच दचकले.

"खोका नसताना बदलून दिला तर मालक मला बोलतील."

"काउंटरचा हा चिरलेला कोपरा आहे ना, त्याची नवी काच मी बसवून देतो. सहा मिलिमीटरची. पुढच्या शुक्रवारी."

विक्रेतीनं चिरलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तो कोपरा दोन वर्षं तिच्या बाहीला ओढत होता. "फिट्टंफाट," ती म्हणाली आणि आतून एकसष्ट पट्ट्यांचा खोका घेऊन आली. वरचा फरक काचवाल्यांनी भरला. या खेपेला दुकानातच खोका उघडून त्यांनी चार बोटांनी चार पट्ट्या एकदम दाबल्या. चारही वाजल्या. मग हाताचा पंजाच टेकवला. सगळ्या वाजल्या, आणि दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

खोका उभा धरून, दोन्ही हातांनी कवटाळून ते चालत निघाले. गर्दीत ते सवयीनं "काच, काच" असं ओरडत राहिले आणि माणसं घाबरून बाजूला होत राहिली. एरवी वीस मिनिटांची वाट बारा मिनिटांत संपली.

घरी आल्यावर कपड्यांचा ढीग पलंगावर टाकला, टेबल पुसलं आणि कीबोर्ड फटीत सरकवला. मागची कड आत गेली. अर्धा आत गेला. आणि मग तो थांबला. काचवाल्यांनी जरा जोर लावला. तो जागचा हलेना. वाकून, टॉर्च लावून बघितलं तर मागच्या बाजूला भिंतीचं प्लास्टर फुगलं होतं. तिथं माप होतं नऊशे चव्वेचाळीस.

वर, मध्ये, खाली बघितलं होतं. मागे बघितलं नव्हतं. काचेला मागे असं काही नसतंच, ती पाच मिलिमीटर जाड असते, फार तर आठ. छत्तीस वर्षांत त्यांना कशाच्या आत किती खोल जायचं आहे हे मोजायची वेळच आली नव्हती.

मावशी साडेपाचला आली तेव्हा दृश्य असं होतं: टेबलाशी गुडघ्यावर बसलेला नवरा, फटीत अर्धा अडकलेला मोठा कीबोर्ड, आणि पलंगावर कपड्यांचा डोंगर. तिनं पिशवी खाली ठेवली.

"हा तोच ना?" तिनं विचारलं.

"तोच. त्या दिवशी माप चुकलं माझं. सहा मिलिमीटर आधीच वजा करून बसलो होतो, काच असल्यासारखं. आज दुसऱ्यांदा चुकलं. मागची भिंत फुगलीय." काचवाले उठायचा प्रयत्न करत होते, गुडघा साथ देत नव्हता. "उद्या गवंड्याला बोलावतो. भिंत तासून घेऊ. दोन दिवसांचं काम. तोवर हा असाच राहू दे, पण पलंगाखाली नाही जाणार हा, ते मी सांगतो."

मावशी पुढे आली. कीबोर्डाच्या बाहेर राहिलेल्या भागावरून तिनं हात फिरवला. मग कपाटाकडे बघितलं.

"भिंत कशाला तासायची?" ती म्हणाली. "कपाट सरकवा."

काचवाल्यांनी कपाटाकडे बघितलं. कोणी चंद्र जरा डावीकडे घ्या म्हणावं, तसा त्यांचा चेहरा झाला. आयुष्यभर त्यांनी काच कापली होती, चौकटीला कधी हात लावला नव्हता. चौकट असेल तशी मान्य करायची आणि काच तिच्या मापाची करायची, हा धर्म. आणि कपाट ही चौकट होती.

"कपाट?"

"पाय आहेत त्याला. चार बोटं पलीकडे घ्या, काम झालं."

"पण पलीकडे..." काचवाले थांबले. पलीकडे त्यांची खुर्ची होती. दोन्ही हात टेकवायला जागा सोडून बरोबर बसणारी. चार बोटं सोडाच, एक बोटभर जागा तिथं शिल्लक नव्हती.

"हो," मावशी म्हणाली. "खुर्ची निघेल."

मावशीनं 'राहू दे' म्हटलं नाही. 'चालेल' म्हटलं नाही. ती तिथंच उभी राहिली, कीबोर्डावर हात ठेवून.

काचवाले उठले. खुर्चीच्या हाताला धरून त्यांनी तिला बाहेर ओढलं. ती बावीस वर्षांनी बाहेर येताना भरपूर कुरकुरली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग दोघांनी कपाटाला खांदा लावला. एक, दोन, तीन म्हणून ढकललं, आणि कपाट असं सहज सरकलं की काचवाल्यांचा तोल गेला.

कीबोर्ड आत गेला. दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी जागा उरली. स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं. मावशीनं स्टूल ओढलं, वायर लावली, पदराला हात पुसले आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा डावा हात खाली एकटाच चालायला लागला आणि उजवा त्याच्यावर आला, आणि काचवाल्यांना लहान घरातसुद्धा एवढा मोठा आवाज मावतो याचं आश्चर्य वाटलं. ती लहानपणाचं काहीतरी वाजवत होती. त्यांनी ते आधी कधीच ऐकलं नव्हतं. आपल्या बायकोला हे येतं, हे त्यांना सांगितल्यामुळे माहीत होतं, पण आज ते खरं वाटलं.

ती थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला त्या दिवशी दुकानातच माहीत होतं? कपाट सरकतं म्हणून?"

"घर रोज मी झाडते. कपाट पुढे सरकवूनच झाडते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" मावशी म्हणाली. "तुम्ही माप घेतलंत."

ती रागानं बोलली नाही. पट्ट्यांकडे बघत, पुढचा सूर शोधत बोलली. काचवाल्यांना ते लागलं. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली: टीव्ही, पलंग, चपलांचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ. सगळं त्यांच्याच मापानं लागलेलं होतं.

"अजून काय काय सरकवायचं राहिलंय?" त्यांनी विचारलं.

मावशीचे हात थांबले. ती वळली आणि तिनं नवऱ्याकडे नीट बघून घेतलं, तो चेष्टा तर करत नाही ना म्हणून. तो चेष्टा करत नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं.

"बसा तिकडं," ती म्हणाली. "यादी मोठी आहे. आधी मला हे पुरतं वाजवू दे."

काचवाले खिडकीपाशी जाऊन आपल्या खुर्चीत बसले.